चौथ्या दिवशी पडणारे किडे

गोमाई नदीच्या काठी, लोणखेड्याच्या धर्मशाळेपुढच्या कडुनिंबाखाली, त्या भाद्रपदात रोज सकाळी पन्नास-साठ माणसं जमायची. सगळी जनावरांच्या दुखण्यासाठी आलेली, पण जनावर मात्र एकही नाही. ना बैल, ना म्हैस, ना शेळी. प्रत्येकाच्या मुठीत चिंधीत बांधलेले चार केस आणि बगलेत एक नारळ. तेवढ्यावर उपचार व्हायचा.

उपचार करणारा रेवजीबुवा. तो कुठला, कुणाचा, हे कुणी विचारलं नव्हतं. गावगोत जावयाला विचारतात, चमत्कार करणाऱ्याला नाही. अंगात भगवी कफनी, कपाळभर शेंदूर, पुढ्यात आघाड्याच्या काड्यांची जुडी आणि एक काळा गुळगुळीत दगड. जनावराच्या जखमेत किडे पडले की ते झाडायची विद्या त्याच्याजवळ होती. जनावर आणायचीही गरज नव्हती. घरी खुंट्याला राहू द्या, विद्या तारेनं जाते, असं तो सांगायचा. तार लोकांनी शहाद्याच्या पोस्टात पाहिलेली होती, त्यामुळे ते पटायचं.

"जनावर कोनतं शे? रंग कोनता? कोनतं अंग, डावं का उजवं?" एवढं विचारून बुवा डोळे मिटायचा, ओठ हलवायचा, काडीचे सात तुकडे करून दगडाखाली सरकवायचा. मग नेहमीचं बजावणं यायचं: "चवथा दिनले किडा धरतीवर पडतीन. पन जखमले पानी लावानं नही, दवा लावानी नही, हात लावाना नही. लावशात तर इद्या बाटी जाई."

पैशाला तो शिवत नसे. देव पैसा खात नाही, म्हणायचा. देव नारळही खात नव्हता, कारण सगळे नारळ संध्याकाळी वेशीवरच्या दुकानात परत जायचे आणि सकाळी पुन्हा बुवाच्या पायाशी यायचे. दुकानदाराला हे ठाऊक होतं. पण ज्याच्या घरी गंगा आली, तो कशाला बोंब मारतो?

आता कुणी म्हणेल, लोणखेड्याची माणसं भोळी होती. भोळी नव्हती. कापसाचा भाव ठरवताना त्यांनी भल्याभल्या व्यापाऱ्यांना घाम फोडलेला होता. अडचण एकच होती. किडे खरोखर पडायचे. चौथ्या दिवशी, फार तर पाचव्या दिवशी जनावराच्या खाली मातीत वळवळताना दिसायचे. जे डोळ्यांनी दिसतं ते नाही कसं म्हणायचं?

त्या दिवशी रांगेत सगळ्यात शेवटी दगूबाई उभी होती. पन्नाशीची विधवा, पदर कपाळापर्यंत ओढलेला, नारळ पदराखाली लपवलेला. बुवानं जनावर कोणतं म्हणून विचारलं, तेव्हा ती अगदी हळू म्हणाली, "कुत्रा." मागं कुणीतरी फिसकन हसलं. बुवा हसला नाही. धंद्यात मुरलेला माणूस गिऱ्हाइकाला हसत नाही.

"जीव तो जीव, माय," तो म्हणाला.

दगूबाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. चार दिवसांत तिच्या भुऱ्याला जीव म्हणणारा तो पहिलाच माणूस होता. तिनं चिंधी पुढं केली. रंग भुरा, अंग डावं, जखम कानाच्या बुडाशी.

सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा सारंगखेड्याच्या यात्रेला निघाला, तेव्हा तिनं हिरव्या काचेच्या बांगड्या सांगितल्या होत्या. तो परत आला तो उपरण्यात पिल्लू गुंडाळून. बांगड्या फुटतात, म्हणाला. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पुढच्याच चैत्रात तो गेला. बांगड्या आणल्या असत्या, तर त्या तेव्हा फोडाव्याच लागल्या असत्या. पिल्लू तेवढं राहिलं. भुऱ्यानं चप्पल कुरतडली, दुधात तोंड घातलं, की ती त्याला "बांगड्या" म्हणून शिवी द्यायची, आणि तोही त्या नावाला शेपूट हलवायचा. मूलबाळ नव्हतं. वावरात, घरात, ओट्यावर दिवसभर बोलायला तो एकच होता.

भाद्रपद हा कुत्र्यांच्या भांडणाचा महिना, आणि माश्यांचाही. कुठल्या तरी कुत्र्यानं भुऱ्याचा कान बुडाशी फाडला. वर केस दाट, त्यामुळे दगूबाईला कळलं तेव्हा आत किडे वळवळत होते.

तिनं आधी बुवाकडे धाव घेतली नव्हती, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. गुरांचा डॉक्टर असतो, एवढं तिला माहीत होतं. उन्हाळ्यात एकदा तो गावात बैलांना टोचायला आला होता. त्याच्या वहीत गाय, बैल, म्हैस असे रकाने होते. कुत्र्याला रकाना नव्हता. दवाखाना धुळ्याला, मध्ये तापी. तरीही तिनं भुऱ्याला टोपलीत बसवलं, ओळखीच्या गाडीवानाच्या हातापाया पडली आणि सारंगखेड्याचा घाट गाठला. तापी दोन्ही थड्या भरून चालली होती. नाव बंद होती. काठावर अडकलेली माणसं टोपलीत वाकून बघत, नाकाला धोतराचा सोगा लावून मागं सरत.

"आठे मानूसले डाक्टर मियत नही," एक म्हातारा म्हणाला, "अन् तू कुत्राले लेई निघनी?"

त्यात त्याचा टोमणा कमी होता आणि खरं जास्त होतं. त्याच्या शेजारी तापानं फणफणलेली सून गोणपाटावर निजलेली होती, तीही नावेचीच वाट बघत होती. नाव सुटली असती तरी पुढं दोंडाईच्याहून मोटार. मोटारवाला सडक्या कानाचं कुत्रं आत घेईल का, डॉक्टर त्याला हात लावेल का, लावला तर काय मागेल, हे तिला ठाऊक नव्हतं आणि विचारायचं कुणाला तेही ठाऊक नव्हतं. संध्याकाळपर्यंत ती पाण्याकडे बघत बसली. मग टोपली उचलून परत फिरली.

घरी धाकटा दीर दोधू वाटच पाहत होता. बुवानं त्याच्या बैलाच्या खांद्यातले किडे पाडले होते.

"मी मन्हा डोयाघाई देखं, वहिनी," तो म्हणाला. "चवथा दिनले पडनात."

दोधू वाईट माणूस नव्हता. त्यानं पाहिलं तेच सांगितलं होतं. एकीकडे न सुटणारी नाव, दुसरीकडे घरापासून शंभर पावलांवरचा कडुनिंब. बुडत्यानं काडीचा आधार घेतला, एवढंच. इथं काडी आघाड्याची होती.

पुढचे चार दिवस दगूबाईनं बुवाचा शब्द तंतोतंत पाळला. पावसाचं पाणी लागू नये म्हणून भुऱ्याला गोठ्यात बांधलं. तो मान झटकायचा, कान मातीवर घासायला बघायचा, दोर ताणून तिच्याकडे यायचा. हात लावायचा नाही म्हणून ती हातभर अंतर ठेवून बसायची. तिच्याच हातून रोज भाकरी खाणाऱ्या जिवाला हे अंतर कळत नव्हतं. तो तिच्याकडे बघत कुंईकुंई करायचा, आणि ती पदरानं डोळे पुसत त्याला सांगायची, चार दिवस कळ काढ रे बांगड्या.

चौथ्या दिवशी सकाळी गोठ्यातल्या मातीत किडे पडलेले होते. दगूबाईनं आनंदानं शेजारपाजार गोळा केला. दोधूनं गल्लीभर सांगितलं. बुवापुढं त्या दिवशी तिनं दोन नारळ ठेवले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच सडका वास आला. या वेळी किडे कानाच्या बुडाशी नव्हते, भोकाच्या आत होते. भुऱ्यानं दुधाला तोंड लावलं नाही. ती पळत कडुनिंबाखाली गेली. बुवानं डोळे मिटले, भुवया आक्रसल्या आणि विचारलं, जखमेला पाणी लागलं का? नाही, ती म्हणाली. दवा? नाही. हात? नाही.

"तू रडनी व्हतीस ना, त्याना जोडे बशीसन?"

रडली तर होतीच.

"आसू म्हंजे पानीच शे, माय. तूच इद्या बाटाडी."

कुणाचं जनावर आजारी आहे आणि कोण त्याच्याशेजारी बसून रडलं नाही? बुवाचं हे औषध प्रत्येकाला लागू पडण्यासारखं होतं. पण दगूबाईला ते काळजात लागलं. आपल्याच आसवांनी आपला भुऱ्या मरतो आहे, असं मनात घेऊन ती घरी आली. दगडाखाली नव्या काडीचे सात तुकडे सरकलेले होते, पुन्हा चार दिवस.

दुसऱ्या दिवशी नवलसिंग आला. हा काठी गावाकडच्या डोंगरातला पावरा आदिवासी. दरवर्षी निंदणीच्या दिवसांत माणसं घेऊन खाली उतरायचा आणि दोधूच्या वावरात काम करायचा. पहिल्या महायुद्धात तो खेचरांच्या तुकडीबरोबर समुद्रापार बसऱ्यापर्यंत जाऊन आला होता. खेचरांच्या पाठी सोलायच्या, तिथल्या माश्या इथल्याहून वाईट, आणि जखमा धुण्याचं काम नवलसिंगाकडे होतं. त्याची बोली अर्धी पलटणीतली हिंदुस्थानी, अर्धी बाजारातली अहिराणी. गावातले शहाणे त्याला जंगली म्हणायचे.

भुऱ्या त्याच्या ओळखीचा होता. त्यानं उकिडवं बसून कान पाहिला, वास घेतला. मग बांधाकडे गेला आणि सीताफळीचा ओंजळभर पाला घेऊन आला.

"माय, ये पीसके कान में भर दे. आज के आज. आँख में जाने मत देना."

दगूबाई त्याच्या आणि भुऱ्याच्या मध्ये उभी राहिली. "नही. इद्या बाटी जाई," ती म्हणाली.

तिच्यावर रागावणं सोपं आहे. पण एकदा तिच्या आसवांनी घात झाला, असं तिला सांगण्यात आलं होतं. दुसऱ्यांदा तिला स्वतःच्या हातांनी घात करायचा नव्हता. ती जी आडवी उभी राहिली, ती भुऱ्याला वाचवायलाच.

नवलसिंग हुज्जत घालणारा नव्हता. त्यानं एक मडकं मागितलं, तळाशी चुलीची राख पसरली, वर बकऱ्याच्या काळजाचा तुकडा ठेवला. काट्याच्या टोकानं भुऱ्याच्या कानाच्या कडेचे दहा-बारा किडे उचलून त्यावर सोडले. काटा म्हणजे हात नव्हे, म्हणून दगूबाईनं एवढं करू दिलं. मडक्याला फडकं बांधून त्यानं ते गोठ्याच्या आढ्याला टांगलं.

"इसको मंतर नहीं," तो म्हणाला. "चौथे दिन देखेंगे."

दुसऱ्या सकाळी तो स्वतःही रांगेत उभा राहिला. मुठीत काळे केस, बगलेत नारळ. काळी म्हैस, डावं शिंग, त्यानं सांगितलं. बुवानं डोळे मिटून काडी मोडली.

ठरल्या दिवशी भुऱ्याच्या कानातले काही किडे खाली पडलेले होते. नवलसिंगानं मडकं उतरवलं. काळजाचा तुकडा चघळून चोथा झाला होता आणि त्यावर एकही किडा नव्हता. त्यानं काडीनं राख उकरली. राखेत तपकिरी, टणक दाणे होते. जेवढे किडे सोडले होते, तेवढेच दाणे.

"पेट भर गया, नीचे उतर गए, मिट्टी में सो गए," तो म्हणाला. "मंतर किसने बोला?"

दगूबाईनं मडक्यात वाकून पाहिलं. काय समजायचं ते तिला समजलं, पण तिनं विचारलं ते भलतंच.

"मंग मन्हा आसूघाई काही नही व्हयनं?"

"नहीं माय. आसू से कुछ नहीं हुआ."

मग तिनं पाट्यावर पाला वाटला. तिनं भुऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, कित्येक दिवसांनी त्याला हात लावला, आणि कान भरला. तासाभरात मेलेले किडे बाहेर येऊ लागले, इतके की नवलसिंगानं तोंड फिरवलं. पण भुऱ्याची मान डावीकडे कलली होती. उठवलं की तो एकाच बाजूला गोल फिरायचा आणि पडायचा. पाणी तोंडातून बाहेर यायचं. किडा फार आत गेला, नवलसिंग म्हणाला. पलटणीच्या डॉक्टरजवळ यावर पिचकारी होती, बाटल्या होत्या. इथं त्याच्याजवळ पाला होता, आणि पाल्याचं काम पहिल्या दिवसाचं होतं.

तापीचा पूर अजून उतरला नव्हता. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, हेच त्या दोघांना फार जड गेलं. दोघं भुऱ्याजवळ आळीपाळीनं माश्या वारत बसली. दोन दिवसांनी, दुपारी, दगूबाईच्या पायावर डोकं ठेवून भुऱ्या गेला.

मडकं पुन्हा आढ्याला टांगलेलं होतं. दहाव्या दिवशी त्यातून गुणगुण ऐकू आली. दगूबाईनं ते उतरवलं, छातीशी धरलं आणि नवलसिंगाला बरोबर घेऊन कडुनिंब गाठला. गर्दी नेहमीसारखीच होती, दोधूही होता.

नवलसिंगानं नमस्कार करून विचारलं, काळ्या म्हशीचं कसं काय? बुवानं डोळे मिटले. किडे पडले, तो म्हणाला. "आते ती चारा खाई ऱ्हायनी. मले आठून दिखी ऱ्हायनं."

नवलसिंगानं खांद्यावरची काळी घोंगडी काढून बुवापुढं पसरली. तिच्या एका कोपऱ्यातली लोकर कातरलेली होती. "बुवा, ये है म्हैस. चारा डालो."

हशा उसळला. बुवा संतापला, देवाची थट्टा करणाऱ्याचं वाटोळं होतं म्हणाला. तेव्हा दगूबाई पुढं झाली. उभ्या आयुष्यात ती चारचौघांत बोलली नव्हती. तिनं मडक्याचं फडकं सोडलं. आतून हिरव्या माश्या निघाल्या, लोकांच्या डोक्यांवरून गेल्या. त्यातली एक बुवाच्या काळ्या दगडावर बसली.

"बुवा, या मन्हा भुऱ्याना कानमधला किडा शेतस," ती म्हणाली. "यास्ले कोन्ही मंतर नही मारा. प्वाट भरनं, खाले उतरनात, झोपनात, आते उडी ऱ्हायनात. तुन्ही काडी मोडी का नही मोडी, यास्ले काय? पन तू मले सांगं, मन्हा आसूघाई व्हयनं."

एवढं बोलून तिनं रिकामं मडकं त्याच्या दगडाशेजारी ठेवलं.

उरलेलं नवलसिंगानं सांगितलं. माशी जखमेवर अंडी घालते. किडा मांस खातो, चार-पाच दिवसांत पुरता वाढतो आणि माती शोधत आपणहून खाली उतरतो. मातीत त्याचा कोश होतो, कोशातून माशी निघते, आणि न धुतलेल्या जखमेचा वास तिला पुन्हा बोलावतो. बुवाला एवढंच ठाऊक होतं की चार दिवस थांबायचं. आणि त्या चार दिवसांत कुणी जखम धुऊ नये, कारण धुतली तर किडे आधीच मरायचे आणि काडीचं महत्त्व राहायचं नाही.

दोधूनं मान खाली घालून विचारलं, मग माझा बैल कसा बरा झाला? खांद्याची जखम उघडी होती, उन्हानं सुकली, नवलसिंग म्हणाला. भुऱ्याच्या कानाला आत वाट होती. "जो बच गए, उनके नारियल सबने देखे. जो मर गए, उनको कौन गिनता है?"

गर्दीतल्या दोघातिघांनी तेव्हा एकमेकांकडे पाहिलं. एकाची शेळी गेली होती, एकाचं वासरू. आपलीच काहीतरी चूक झाली असं समजून ते आजवर गप्प होते.

दुसऱ्या दिवशी धर्मशाळा रिकामी होती. बुवाला कुणी मारलं नाही, धरलं नाही. तो पुढच्या गावी गेला, तिथंही कडुनिंब असणारच. लोणखेड्याची काही माणसं मुठीत केस घेऊन त्याच्या मागोमाग तिकडेही गेली, हेही लपवण्यात अर्थ नाही. दगूबाईनं शाळेच्या मास्तरांकडून एक अर्ज लिहून घेतला, की गुरांच्या डॉक्टरनं भाद्रपदात एक फेरी करावी आणि वहीत कुत्र्यालाही रकाना असावा. अर्ज गेला. उत्तर आलं नाही.

तेव्हा वाचकहो, डॉक्टर लांब आहे, नाव बंद आहे आणि खिसा रिकामा आहे, हे सगळं खरं असेल. त्याबद्दल सरकारला धारेवर धरा, अर्ज करा, पुन्हा करा. पण जो लांबून बरं करतो, आणि जखमेला हातही लावू देत नाही, त्याला आधी एक प्रश्न विचारा: हात लावला तर तुझं काय बिघडतं? आणि जे मंत्रानं झालं म्हणतात, ते मंत्राशिवाय होतं का, हे एकदा मडक्यात घालून पाहा. त्याला शाळा लागत नाही. राख आणि चार दिवसांचा धीर लागतो.

दगूबाईच्या ओट्यावर आता भाद्रपदात पाटा मांडलेला असतो. कुणाचंही जनावर आलं, तर ती आधी जखम धुते, मग पाला वाटते. मंत्र विचारला तर चिडते. पाला तिच्याच बांधावरच्या सीताफळीचा. भुऱ्याला तिनं त्याच झाडाखाली पुरलं आहे, कारण सहा वर्षं तो दुपारी तिथंच, त्याच्याच सावलीत झोपत असे.